तपासणाऱ्यासाठी लिहिलेली मराठी

माझी एक मावशी तालुक्याच्या गावी राहते. तिथल्याच शाळेत तिने एकतीस वर्षे मराठी शिकवले. गेल्या वर्षी तिला पेन्शनच्या संदर्भात एका कार्यालयाकडून दीड पानांचे पत्र आले. तिने ते दोनदा वाचले, चष्मा बदलून तिसऱ्यांदा वाचले आणि घडी घालून फायलीत लावून ठेवले. तीन महिन्यांनी पासबुकातला आकडा कमी दिसू लागला तेव्हा तिने मला फोन केला. "पत्र आलं होतं रे," ती म्हणाली, "पण त्यात मला काही करायला सांगितलंय असं वाटलंच नाही."

मी ते पत्र मागवून घेतले. ओळखीच्या खुणा पुसून, पण बांधणी तशीच ठेवून त्यातले मधले वाक्य इथे देतो:

'उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये निर्गमित सूचनांच्या अनुषंगाने आपणांस प्रदान करण्यात आलेल्या निवृत्तिवेतनाची फेरपडताळणी करण्यात आली असता अतिप्रदान झाल्याचे निदर्शनास आले असून, सदर अतिप्रदानाचे समायोजन आगामी देय रकमांमधून प्रस्तावित असल्याने, याबाबत काही म्हणणे असल्यास विहित मुदतीत सादर करावे, अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

हे एकच वाक्य आहे. मी त्याचे मराठीत भाषांतर करायला बसलो. (होय, मराठीतून मराठीत.) पहिला खर्डा असा झाला: 'तुम्हाला इतकी वर्षे जास्त पेन्शन दिली गेली. ती रक्कम आम्ही यापुढच्या पेन्शनमधून कापून घेणार आहोत. हिशेब चुकला आहे असे तुम्हाला वाटत असेल तर तीस दिवसांच्या आत आम्हाला लिहून कळवा.'

तीन वाक्ये झाली. पण पहिल्या वाक्यावर मी अडखळलो. 'दिली गेली' म्हणजे कोणी दिली? पेन्शन ठरवणारे तेच, देणारेही तेच. तेव्हा प्रामाणिक वाक्य असे हवे: 'आम्ही चुकून तुम्हाला जास्त पेन्शन दिली.' मूळ पत्रात ही चूक कुणाचीच नव्हती. पाऊस झाला, पूर आला, तसे अतिप्रदान 'झाले'. आणि तीस दिवस? तो आकडा पत्रात नव्हताच. संदर्भ म्हणून ज्या दुसऱ्या पत्राचा क्रमांक वर दिला होता त्यात तो होता, आणि ते दुसरे पत्र सोबत जोडलेले नव्हते. मला तो चौकशी केल्यावर कळला. तोवर मुदत केव्हाच उलटून गेली होती.

अशा ठिकाणी सरकारी मराठीची टिंगल करायची आणि मोकळे व्हायचे ही आपली जुनी रीत आहे. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, 1960 साली, भाषा संचालनालय स्थापन झाले, 1962 मध्ये पदनाम कोश निघाला, आणि तेव्हापासून आपण त्या शब्दांना हसत आलो आहोत. मला त्या हसण्यात आता रस उरलेला नाही. दोष शब्दांचा आहे असे मला वाटत नाही. 'अतिप्रदान' हा शब्द एकदा अर्थ कळला की कामाचा आहे. 'कार्यकारी अभियंता' आज कोणाला अडत नाही. पत्रातला प्रत्येक शब्द सुटा सुटा घेतला तर मावशीला ठाऊक होता. तिला कळले नाही ते एवढेच, की हे पत्र कोणीतरी कोणाला तरी, म्हणजे तिला, काहीतरी सांगत आहे.

ते पत्र लिहिणारा माणूस दुष्ट नाही, अडाणीही नाही. शाळेत त्याला मराठीत बरे गुण पडले असणार. मी हे मावशीला म्हणालो तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या वर्गात असता तर मीच दहापैकी आठ दिले असते."

माझे सगळे म्हणणे या वाक्यात आहे. आपण मराठी माणसे वाईट लिहितो, आणि ते आपल्याला लिहायला शिकवले गेले नाही म्हणून नव्हे. आपल्याला लिहायला फार मन लावून शिकवलेले असते. फक्त ते वाचणाऱ्यासाठी नसते, तपासणाऱ्यासाठी असते.

शाळेतला निबंध आठवून पाहावा. वर्णनात्मक, आत्मवृत्तपर, कल्पनाप्रधान, वैचारिक असे त्याचे वर्ण ठरलेले. 'सूर्य उगवला नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'मी पाहिलेला अपघात'. हा अपघात ज्याने पाहिलेला नाही अशा मुलानेही तो पाहिलाच पाहिजे, आणि त्यात बघ्यांची गर्दी, रुग्णवाहिकेचा आवाज आणि शेवटी वाहतुकीच्या नियमांचे महत्त्व आलेच पाहिजे. ज्या मुलाने खरोखरच अपघात पाहिलेला असतो त्याची पंचाईत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने लिहिले होते की, अपघात झाला तेव्हा रस्त्यावर सांडलेल्या टोमॅटोंकडेच आपण बघत राहिलो आणि माणूस कुठे आहे हे आपल्या लक्षातच आले नाही. गुरुजींनी त्याखाली तांबड्या शाईने 'विषयांतर' असे लिहिले. त्या वर्षी त्या वर्गात लिहिले गेलेले ते बहुधा एकमेव खरे वाक्य असावे. मला बाकीच्या कोणाचा अपघात आठवत नाही, माझा स्वतःचाही नाही. टोमॅटो आठवतात.

वहीच्या समासात त्या तांबड्या शाईने काय काय लिहिले जाते? ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, 'अक्षर सुधारा', फार तर 'भाषा अधिक अलंकारिक हवी'. 'इथे मला समजले नाही' असे कोणी लिहीत नाही. 'इथे मला कंटाळा आला' असेही नाही. 'मग पुढे काय झाले?' हे तर मुळीच नाही. असे प्रश्न वाचणारा विचारतो. तपासणाऱ्याला ते सुचण्याचे कारण नसते. मजकुरात काय असणार हे त्याला आधीच माहीत असते आणि ते आहे की नाही एवढेच त्याला पाहायचे असते. शिवाय तो मध्येच उठून जाऊ शकत नाही. साठ वह्यांचा गठ्ठा संपवल्याशिवाय त्याची सुटका नाही. जगात असा वाचक दुसरीकडे कुठेही भेटत नाही, आणि आपण दहा-बारा वर्षे फक्त त्याच्यासाठी लिहिण्याचा सराव करतो. मग मोठेपणी आपण जे लिहितो त्याचा वाचक सगळे जाणणारा आणि खुर्चीला बांधलेला असतो, यात नवल कसले?

अभ्यासक्रम बदलला आहे, हे मान्य. दहावीला आता उपयोजित लेखन असते. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी असे प्रकार त्यात येतात. हेतू चांगला आहे. परंतु पुस्तक विक्रेत्याला लिहिलेले ते मागणीपत्र विक्रेत्याकडे कधीच जात नाही. पुस्तके येत नाहीत, की 'तुम्ही किती प्रती हव्यात ते लिहिलेच नाही' असे उत्तरही येत नाही. मायना, दिनांक, विषय, 'आपला विश्वासू' हे सगळे जागच्या जागी असले की गुण मिळतात. मावशीला आलेल्या पत्रातही हे सगळे जागच्या जागी होते.

शुद्धलेखनाचेही तसेच. साहित्य महामंडळाचे चौदा नियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत चार वाढले, आणि मराठी लेखनाविषयीची आपली जवळजवळ सगळी सार्वजनिक चर्चा त्या अठरा नियमांभोवती फिरत राहिली. मी नियमांच्या विरुद्ध नाही. हा लेखही मी त्यांच्याच आधाराने लिहितो आहे. पण 'लेखन चांगले आहे' याचा अर्थ 'चुका नाहीत' असा ज्या समाजात होतो, तिथे चूक न करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग लोकांना लवकर सापडतो: काहीच न सांगणे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. सरकारी कारकुनाला नावे ठेवणारे आपण साहित्यातले लोक कसे लिहितो? खालचे वाक्य मी स्वतः बनवले आहे. त्यासाठी फारसे कष्ट पडले नाहीत.

'प्रस्तुत कादंबरीतून समकालीन वास्तवाच्या बहुस्तरीय व्यामिश्रतेचे अस्तित्वलक्ष्यी आविष्करण साधले गेल्याचे प्रकर्षाने जाणवते.'

हे वाक्य घेऊन आपल्या कपाटातल्या कोणत्याही पाच कादंबऱ्यांना लावून पाहावे. पाचही कादंबऱ्यांना ते बसेल. जे वाक्य सगळ्यांना बसते ते कोणाविषयीच काही बोलत नाही. आणि व्याकरणाकडे पाहिले तर हे वाक्य त्या पेन्शनच्या पत्राचे सख्खे भावंड आहे. तिथे 'निदर्शनास आले', इथे 'जाणवते'. कोणाच्या निदर्शनास? कोणाला जाणवते? तिथे 'करण्यात आली', इथे 'साधले गेले'. कर्ता दोन्हीकडे पळून गेला आहे. कारकून पळतो तो जबाबदारी नको म्हणून. समीक्षक पळतो तो चुकण्याची भीती म्हणून. 'मला ही कादंबरी दुसऱ्या प्रकरणानंतर खोटी वाटली' असे लिहिले की कोणी तरी 'का?' म्हणून विचारणार, आणि मग ते दुसरे प्रकरण उघडून दाखवावे लागणार. 'जाणवते' म्हटले की कोणी काही विचारत नाही. (मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आरोप झाला, तो खरा की खोटा यावर मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली. त्या कवितेवरच्या काही लेखांविषयी तो आरोप मात्र कोणी केला नाही. कदाचित ते शेवटपर्यंत कोणी वाचले नसतील.)

इथे मराठीच्या घडणीविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण लेखन शिकवताना ती सांगितली गेल्याचे मी ऐकलेले नाही. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विशेषणे नामाच्या आधी येतात. म्हणजे वाचणाऱ्याला आधी सगळा माल डोक्यावर घ्यावा लागतो. तो कुठे उतरवायचा ते शेवटी कळते. 'शासनाने विहित केलेल्या नमुन्यात सादर करावयाच्या अर्जासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्रावरील सही' या पदावलीत सही येईपर्यंत वाचणाऱ्याने चार ओझी उचलली आहेत. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि विशेषणवाक्ये नामाच्या मागून येऊ शकतात. त्यामुळे त्या भाषेतले लांब वाक्य वाचणाऱ्याला तितके थकवत नाही. तेच वाक्य जसेच्या तसे मराठीत आणले की त्याचे पोते होते. आपल्या कार्यालयांत आणि विद्यापीठांत जे गद्य तयार झाले त्याचा मोठा भाग असा इंग्रजीवरून उतरवलेला आहे. बोलताना आपण ही चूक करत नाही. बोलताना आपण म्हणतो: 'अर्जाला एक प्रमाणपत्र जोडायचंय, त्याच्यावर सही लागते.' वाक्य तोडतो, 'जो-तो' वापरतो, 'की' वापरतो. समोरचा मान डोलावतो आहे की कपाळाला आठ्या घालतो आहे, हे बघत बोलतो. लेखणी हातात आली की आपण हे शहाणपण असभ्य समजून बाहेर काढून ठेवतो, जोड्यासारखे.

हे आपल्या परंपरेत असेच होते असे कोणी म्हणू नये. उलट मराठी गद्याचा आरंभच वाचणाऱ्याच्या, किंबहुना ऐकणाऱ्याच्या, काळजीतून झालेला आहे. 'स्मृतिस्थळा'तली गोष्ट प्रसिद्ध आहे. केशिराज हे संस्कृतचे पंडित. त्यांना महानुभाव विचार संस्कृतात मांडायचा होता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. कारण काय दिले? संस्कृत वाईट, मराठी थोर, असे काही नाही. पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, त्या वंचित राहतील, एवढेच. सातशे वर्षांपूर्वीची ही संपादकीय सूचना आहे, आणि माझ्या मते मराठीत दिली गेलेली सर्वांत चांगली. तिच्यात भाषाभिमान औषधालाही नाही. समोर कोण बसले आहे याची जाणीव आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा लीळाचरित्राची, ज्ञानेश्वरीची नावे सगळ्यांच्या तोंडी होती. त्या म्हाताऱ्यांची आठवण फारशा कोणाला झालेली दिसली नाही. ज्ञानेश्वरांसारखा कवीदेखील 1290 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पुन्हा पुन्हा श्रोत्यांकडे वळतो, विषय लांबला म्हणून त्यांची क्षमा मागतो, त्यांचे अवधान मागून घेतो. एवढ्या प्रतिभेच्या माणसाला ऐकणाऱ्याची परवानगी घ्यावीशी वाटते, आणि आपले सहायक प्राध्यापक आपल्या शोधनिबंधात एकदाही मान वर करून पाहत नाहीत!

एकोणिसाव्या शतकाकडे आलो की हा झगडा उघड होतो. पंचविशीतल्या गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादी या नावाने जे लिहायला घेतले, त्याला त्यांनी पत्रांचे रूप दिले, हे मला अर्थपूर्ण वाटते. पत्राला घेणारा लागतो. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, 1874 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. 1882 मध्ये ऐन उमेदीत त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंत तिचे चौऱ्याऐंशी अंक निघाले. शास्त्रीबुवांचे ऋण मी नाकारत नाही. मराठी गद्याला विचार पेलता येतो, उपरोध पेलता येतो, पानभर लांबीचे वाक्यही पेलता येते, हे त्यांनी दाखवले. 'लेखनशुद्धि', 'भाषापद्धति', 'भाषादूषण' असे निबंध लिहून लेखनाचा विचारही त्यांनीच आरंभला. पण याच शास्त्रीबुवांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांच्या व्याकरणाची थट्टा केली, आणि तिथे माझ्या मते मराठी लेखनशिक्षणाची गाडी चुकीच्या रुळावर गेली. तांबड्या शाईचा तो पहिला मोठा फटकारा होता.

फुल्यांचे गद्य ओबडधोबड आहे काय? पुष्कळदा आहे. वाक्ये लांबतात, एकातून दुसरे फुटते, राग अनावर होतो. परंतु 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक 1883 मध्ये पुरे होण्याआधी त्यांनी त्यातला मजकूर ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर बसून वाचले. जे वाचू शकत नव्हते त्यांनाही ते ऐकून कळले पाहिजे, ही त्या गद्याची अट होती. त्या काळात दुसऱ्या कोणा गद्यलेखकाने आपल्या लेखनावर एवढी कडक परीक्षा लादून घेतली असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच कुणब्याच्या घराचे, त्याच्या अंगावरच्या कपड्यांचे, त्याच्या ताटातल्या अन्नाचे त्यातले वर्णन आज वाचतानाही डोळ्यांसमोर उभे राहते. ते वर्णन ऐकणाऱ्यांपैकी कोणीही उठून 'हे खोटे आहे' म्हणू शकला असता. अशा भीतीखाली लिहिलेले गद्य वेगळेच असते. शास्त्रीबुवांनी त्यातले लिंग-वचन तपासले. आणि आपल्या शाळांनी शास्त्रीबुवांचा रस्ता धरला. त्यांची ऐट आणि त्यांचा आवेश मात्र घेतला नाही. फक्त तपासणी घेतली.

पुढचीही उदाहरणे आहेत. विनोबांची 'गीता प्रवचने' 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर बोलली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गीतेवर मराठीत विद्वत्ता कमी नाही, पण खेड्यापाड्यांत हेच पुस्तक पोचले. नरहर कुरुंदकरांच्या लेखांतून वक्ता डोकावत राहतो: वाचणाऱ्याच्या मनातला आक्षेप ते आधी स्वतःच मांडतात, तोही त्याच्यापेक्षा जोरात, आणि मग उत्तर देतात. इरावती कर्व्यांचे 'युगान्त' 1967 चे. मानववंशशास्त्राची विदुषी महाभारतावर लिहिते आहे आणि जिला त्या शास्त्रातले काही ठाऊक नाही अशी बाईही ते एका बैठकीत वाचून संपवते, वर नवऱ्याशी भांडते की द्रौपदीचे असे कसे!

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, हा वाचकानुनय आहे. मला हा आक्षेप कधीच कळलेला नाही. वाचणाऱ्याला आवडेल ते सांगणे हा अनुनय. त्याला जे मुळीच ऐकायचे नाही ते, त्याला टाळता येणार नाही इतक्या स्पष्टपणे सांगणे, याला अनुनय कसे म्हणायचे? 'असूड' कोणाचा अनुनय करतो? 'युगान्त'ने ज्या वाचकांना दुखावले त्यांना ते दुखणे समजले होते, म्हणून ते दुखावले. दुर्बोध लेखकाला असे शत्रू मिळत नाहीत, हीच त्याची सोय आहे.

दुसरा आक्षेप प्रतिभेचा. लेखन ही दैवी देणगी, ती शिकवता येत नाही. गाण्यात असे म्हणणाऱ्याला आपण हसून सोडून देऊ. तिथे रियाज आहे, गुरू आहे, समोर बसलेला जाणकार आहे, आणि इतके करूनही ज्याला देणगी नाही तो भीमसेन होत नाही हे सगळ्यांना मान्य आहे. पण सुरात गायला तो शिकतो. कीर्तनकारालाही कोणी प्रतिभेच्या भरवशावर उभे करत नाही. पूर्वरंग कुठे आवरायचा, मागच्या रांगेतले डोळे मिटू लागले की गोष्ट कधी काढायची, हे तो वर्षानुवर्षे कोणाच्या तरी मागे झांजा घेऊन उभा राहून शिकतो. गद्यालाच तेवढे हे नको. आपल्या बहुतेक मराठी विभागांत विद्यार्थी साहित्याचा इतिहास शिकतो, काव्यशास्त्र शिकतो, भाषाविज्ञान शिकतो. आपण लिहिलेले पान दुसऱ्यासमोर मोठ्याने वाचायचे आणि तो कुठे हरवला हे ऐकून घ्यायचे, हे मात्र त्याला पाच वर्षांत कोणी करायला लावत नाही. मग तोच विद्यार्थी शिक्षक होतो.

'सोपे लिहा' असा माझा आग्रह आहे असे कोणी समजू नये. सोपेपणाचाही एक निबंधी नमुना आता तयार झाला आहे: चार-चार शब्दांची वाक्ये, प्रत्येक वाक्याचा वेगळा परिच्छेद, मध्ये मध्ये 'खरंच, विचार करा!' त्यातही वाचणारा नाहीच. तिथे त्याच्या जागी एक बावळट माणूस कल्पिलेला असतो. विषय अवघड असेल तर गद्य अवघड होईल आणि वाचणारा ते सोसेल, मात्र आपल्याला कोणी वाटेत सोडून दिलेले नाही अशी त्याची खात्री असली पाहिजे. दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' काही फावल्या वेळेत चाळण्याचे पुस्तक नाही. परंतु त्यातल्या अवघड परिच्छेदापाशी थांबून परत मागे गेले की हाती काही लागते. आमच्या व्यामिश्रतेच्या आविष्करणापाशी परत मागे गेले तर काय लागेल?

मावशीने त्या कार्यालयाला हरकतीचा अर्ज लिहिला. पहिला खर्डा तिनेच केला. तिच्या एकतीस वर्षांच्या सवयीने त्याची सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की' अशी झाली, आणि तिचे म्हणणे दुसऱ्या पानाच्या मध्यावर आले. मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. अर्ध्यात ती हसायला लागली. मग आम्ही दोघांनी मिळून तो चार वाक्यांचा केला: तुम्ही चूक केली असे तुम्हीच म्हणता, हिशेब मला दाखवा, मुदत मला कळवली नव्हती, तोवर कपात थांबवा. 'फार उद्धट होतंय का रे?' असे तिने दोनदा विचारले. जे आपल्याला स्पष्ट म्हणून शिकवले नाही ते उद्धट म्हणून शिकवले असल्याने हा प्रश्न तिला पडणे साहजिक होते. शेवटी तिने 'कृपया' हा शब्द घातला आणि सही केली.

हा लेखही तिला वाचून दाखवला आहे. मूळ खर्ड्यात सुरुवातीला संवाद या संकल्पनेवर दोन परिच्छेद होते, ते ऐकून ती म्हणाली, "हे कशाला? पत्राचं सांग ना आधी." ते गेले. निबंधमालेपाशी तिला झोप लागली. तो भाग मी ठेवला आहे, कारण मला तो आवडतो. तिथे ज्यांना झोप लागली असेल त्यांची चूक नाही.

तिच्या अर्जाला गेल्या महिन्यात उत्तर आले. तेही दीड पानांचे आहे. मुदत कुठे लिहिली आहे ते आम्ही शोधतो आहोत.